तोंडातला अर्धा दाणा

"तोंड उघड," वॉचमन म्हणाला. मी उघडलं. त्याने टॉर्च मारली, बोट घालून गाल ओढला आणि तुरीचा दाणा बाहेर काढला. अर्धा दाणा. मागच्या बायांना दाखवत म्हणाला, "बघा, तोंडातून नेते."

जळगावची डाळ मिल. मी साक्रीकडची, बारा वर्षं तिथे. माझं काम तूर चावायचं. उन्हात घातलेली तूर वाळली की नाही, ते दाताखाली कळतं. कटकन तुटली तर भरडायला घ्या. दबली तर अजून ऊन द्या, नाहीतर डाळीचा चुरा होतो. दिवसभर चावायची, थुंकायची. त्या दिवशी अर्धा दाणा गालात राहून गेला. एवढाच गुन्हा.

शेठची गाडी तेव्हाच फाटकातून निघत होती. त्यांनी पाहिलं आणि काच वर केली.

त्याच सकाळी त्यांनी पुण्याहून एक सर बोलावले होते. मालकाचा विश्वास असला की माणूस जीव ओतून काम करतो, असं सर सांगत होते. प्रत्येकाने आपला एक गुण सांगायचा होता. माझ्या पाळीला शेठच बोलले, हिचा दात म्हणजे आपल्या मिलचं मशीन. टाळ्या पडल्या. मी येडी, खूश झाले.

झडती फक्त आम्हा बायांची. डबा उघडा, पदर झटका. ऑफिसातले लोक मोटारसायकलवर तसेच निघून जायचे. बारा वर्षं मीही पदर झटकला आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. याची लाज मला त्या बोटापेक्षा जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी मुकादम मूठभर तूर घेऊन आला. मी हात मागे घेतले.

"मना तोंडवर तुमना भरोसा नही," मी म्हणाले. "मंग मना दातवर कसा?"

त्यांनी अंदाजाने तूर भरडली. नुसता चुरा निघाला. तूर ओली आहे हे मला लांबून मशीनच्या आवाजावरूनच कळत होतं. पूर्वी मी धावत जाऊन मशीन बंद करायला लावलं असतं. त्या दिवशी मी खाली बसून पोती शिवली.

संध्याकाळी शेठने केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम मऊ. म्हणाले, अक्का, उद्यापासून तुझी झडती नाही, पण बाकीच्यांना बोलू नको. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचाच राग आला.

मी सांगितलं, बठ्ठ्या, सगळ्याच बायांची बंद करा. नाहीतर तुमच्यापासून सुरू करा. गाडी थांबवा, खाली उतरा, तोंड उघडा.

ते म्हणाले, काम जाईल.

जाऊ दे. तूर मी आता चावणार नाही.