वर्षाची चटणी आणि माझा शिंपला

माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका आता आधी फिश टँकपाशी जातात आणि मग मापाला उभ्या राहतात. दुकान म्हणजे मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचीच पुढची खोली. एका भिंतीला मशीन, दुसऱ्या भिंतीला खाऱ्या पाण्याचा टँक. त्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. टँकमध्ये दगडावर बसलेला निळाहिरवा शिंपला बघून बायका हमखास विचारतात, "प्लॅस्टिकचं हाय न्हवं?" मी म्हणते, "हात फिरवा की काचेवरनं." हाताची सावली पडली की शिंपला मिटतो आणि बाई किंचाळून मागं सरकते. हा खेळ मी रोज करते आणि मला त्याचा अजून कंटाळा आलेला नाही.

कोल्हापुरात राहून समुद्र पाळायचं खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं, हे माझ्या नवऱ्यालाही कळलेलं नाही. लोक समुद्र बघायला घाट उतरून कोकणात जातात आणि मासे खाऊन परत येतात. मी घरातच मीठ कालवत बसते. आधी साधे सोनेरी मासे होते, मग खाऱ्या पाण्यातले मासे आले, मग प्रवाळ, आणि शेवटी हा शिंपला. आपल्या किनाऱ्यावरून असा शिंपला उचलायला कायद्यानं बंदी आहे. परदेशात शेती करून वाढवलेला होता, त्याचे कागद डोळ्यांनी बघितले, तेव्हाच घेतला.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं की हा 'क्रोसिया' जातीचा. घरी आणून पाण्यात सोडायच्या आधी मी त्याला उलटसुलट करून बघितलं आणि माझं डोकं फिरलं. क्रोसियाची दोन टोकं साधारण सारखी असतात आणि कवच खालच्या बाजूला गुळगुळीत. ह्याची एक बाजू लांब, दुसरी आखूड, आणि झालरीसारखे खवले पार खालपर्यंत. रोज बायकांचे वरखाली खांदे बघून कापड बेतणाऱ्या माझ्यासारखीला एवढं कळणार नाही होय? हा 'मॅक्झिमा'. क्रोसिया तळहाताएवढा राहतो, मॅक्झिमा त्याच्या दुपटीनं वाढतो. म्हणजे जागा पहिल्यापासून ऐसपैस द्यायला हवी, कारण एकदा दगडाला धरून बसला की त्याला ओढून काढता येत नाही. तळातनं तो बारीक धागे सोडतो आणि त्या धाग्यांनी दगड घट्ट धरतो. ते उपटले तर जीव जातो. विकणाऱ्याला फोन करून मी चांगलं झाडलं आणि मग शिंपल्याला सगळ्यात मोठा सपाट दगड दिला.

आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्या दिवशी चष्मा लावून त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्येचं कालवण कसं करत्यात?"

"आत्ती, हा खायचा न्हाय. पाळायचा हाय."

"मग ह्येला खायाला काय घालायचं?"

मी समजावलं की त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न करतं, त्यावरच हा बराचसा जगतो. आत्तींना हे मुळीच पटलं नाही. आमच्या घरात मीटर बघायला आलेला माणूससुद्धा काही खाल्ल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. "उजेडावर कोन जगतंय व्हय," असं पुटपुटत त्या आत गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी टँकचा दिवा त्याच लावायला लागल्या. म्हणायच्या, "न्याहारी घालून आलो."

आता चटणीचं सांगायला हवं. उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाची चटणी होते, म्हणजे वर्षभर पुरणारं कोरडं तिखट. मिरच्या उन्हात वाळवायच्या, देठं काढायची, मग कढईत तेलावर मिरच्या, खोबरं, तीळ, धणे, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि डंकावर, म्हणजे तिखट कांडायच्या गिरणीवर, नेऊन कांडून आणायचं. कांदा-लसूण त्यातच. आत्तींची चटणी म्हणजे पै-पाहुण्यांत ठरलेलं प्रकरण. कळंब्याला माझी नणंद राहते, तिचा डबा. शाहूवाडीला आत्तींचे भाऊ, त्यांचा डबा. मिरची भाजायच्या दिवशी गल्लीला आधी सांगावं लागतं. शेजारी वाळत घातलेले कपडे आत घेतात, लहान पोरं कुणाच्या तरी घरी पाठवली जातात, आणि माझं दुकान बंद, कारण त्या ठसक्यात मापाला उभं राहायला गिऱ्हाईक वेडं नाही.

शिंपला आल्यानंतरची ही पहिलीच चटणी. मला काळजी होतीच. म्हणून मी सकाळीच टँकवर एक ओली चादर टाकली, तिच्यावर जाड सतरंजी टाकली, कडा खोचल्या. पिठाच्या डब्यावर झाकण बसवावं तसं पक्कं झाकलं आणि पदर नाकाला बांधून आत्तींच्या हाताखाली उभी राहिले. दोघी खोकत होतो, शिंकत होतो, एकमेकींना "हलव की गं", "जळंल की हो" करत होतो. खरं सांगायचं तर चटणीचा दिवस मला आवडतो. सासू-सुनेचं एरवी जे काही असतं ते त्या दिवशी ठसक्यात वाहून जातं.

दुपारी अर्ध्या मिरच्या भाजून झाल्या तेव्हा मी सहज चादर उचलून बघितली. शिंपला आ वासून होता. अंगाची निळी झालर कवचाच्या आत ओढलेली, आणि पाणी आत घ्यायचं भोक नको इतकं मोठं उघडलेलं. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल की मजेत जांभई देतोय. पण शिंपला असा ताणून उघडा पडला की समजायचं, तो संपत चाललाय. मी हात फिरवला. सावली पडली. तो मिटला नाही.

काय झालं ते कळेना. टँकखालचं कपाट उघडलं आणि मला सटासट शिंका आल्या. तिथं एक यंत्र आहे, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं. त्याला हवा लागते, आणि त्याची हवेची नळी मीच मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी काढून ठेवली होती. वरून चादर-सतरंजी टाकून मी बसले, आणि खालून ते यंत्र सकाळपासून मिरचीचा धूर आणि तेलाची वाफ ओढून थेट पाण्यात कालवत होतं. पाण्यावर तेलाचा तवंग आला होता. यंत्रातला फेस पार बसला होता.

"आत्ती, बंद करा!" मी ओरडले. माझा आवाज मुळातच मोठा, त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

आत्तींनी तडक गॅस बंद केला, कढई उतरवली, खिडक्या उघडल्या. मी नळी ओढून पुढच्या दारातनं बाहेर काढली, तवंग कागदानं टिपला, पाणी गाळायचा कोळसा बदलला. खारं पाणी मी नेहमी पिंपात तयार ठेवते, नळाचं कितीही गोड असलं तरी ह्याला चालत नाही. त्या पिंपातलं पाणी थोडं थोडं करून बदललं. शिंपल्याला मात्र हात लावला नाही. आजारी शिंपल्याला उचलून बघायचा मोह होतो आणि तिथंच लोक चुकतात. आत्तींनी दारातनं विचारलं, "हळद घालू का वाईच?" मी नुसतं बघितलं. त्या हळदीचा डबा ठेवायला आत गेल्या.

संध्याकाळी कपडे आणायच्या निमित्तानं गच्चीवर गेले आणि तिथं पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून रडले. एका शिंपल्यासाठी पन्नाशीला आलेल्या बाईनं रडावं हे कुणाला सांगण्यासारखं नाही. पण माझं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात तेवढंच एक होतं. मी मागून घेतलेलं नव्हतं, कुणी दिलेलं नव्हतं, स्वतः शिकून वाढवलं होतं. तोंड धुतलं, कपडे घेतले आणि खाली आले.

नंतरचे दिवस वाईट गेले. शिंपला थोडा मिटायचा, परत आ वासायचा. मी रोज पाणी बदलत होते. आत्ती समोर खुर्ची टाकून बसत, तोंडाला पदर लावून. मी म्हणाले, "श्वासानं काय होत न्हाय हो आत्ती." त्या म्हणाल्या, "असूंदे. आमी तिखट खाणारी माणसं." भाजलेल्या, बिनभाजलेल्या सगळ्या मिरच्या परातीत तशाच पडून होत्या. शेजारणीनं तिची चूल देऊ केली, तर आत्ती म्हणाल्या, "गल्लीत कुटं बी भाजली तरी धूर हितंच येणार. ऱ्हाऊदे." तेवढ्यात वळीव झाला, परातीतल्या मिरच्या नरम पडल्या, काहींना बुरशी आली. आत्तींनी परात उचलून कोपऱ्यावर रिकामी केली. आमच्या घरात इतक्या वर्षांत चटणी झाली नाही असं कधी झालं नव्हतं. नवऱ्यानं जेवताना विकतची चटणी ताटात घेतली, तिच्याकडे एकदा बघितलं आणि भाकरी मोडली. शहाणा माणूस.

मग एका सकाळी मी झाडत असताना आत्तींनी हाक मारली, "हिकडं ये गं, हिकडं ये!" झाडू टाकून पळाले. शिंपल्याची झालर कवचाच्या काठावरनं बाहेर आली होती. पूर्ण नाही, एका बाजूनं, पण रंग तोच. मी हात फिरवला. त्यानं पटकन अंग आत घेतलं. "भ्यालं बघ," आत्ती हसत म्हणाल्या, "भ्यालं म्हंजी चांगलं हाय." मला इतका आनंद झाला की मी त्यांचा दंड धरून हलवला, आणि त्या म्हणाल्या, "सोड, पाडशील."

पुढच्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. आत्ती फोन नेहमी स्पीकरवर टाकून बोलतात, म्हणून सगळं घर ऐकतं. मी मशीनवर होते. नणंद चिडलेली होती. "आई, डबा कुटं हाय? शेजारीण सांगतीया, चटणीच केली न्हाईस म्हणं."

"न्हाय केली."

"शिंपल्यापायी? आगं, शिंपल्यापायी वर्साची चटणी घालवलीस व्हय?"

"शिंपल्यापायी कोन घालवतंय," आत्ती म्हणाल्या. "ही गच्चीवर एकटी बसून रडत हुती. मग मला कशी भाजवंल मिरची?"

मशीनवरचा माझा पाय थांबला. मला वाटलं होतं, त्या संध्याकाळी गच्चीवर मी एकटीच होते.