न आठवणारा शब्द

“ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया,” असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी म्हणे पूर्ण शुद्धीत होते. मान डोलावली आणि दोन मिनिटांनी विचारलं, “डॉक्टर, मला झालंय काय?” हे माझ्या नवऱ्याने, अरुणने, नंतर सांगितलं. मला काहीच आठवत नाही.

या आजारात मेंदू काही तास नवीन काही नोंदवून ठेवत नाही. माणूस चालतो, बोलतो, घरच्यांना ओळखतो. पण आत्ता घडलेलं लगेच पुसलं जातं.

मी सुरतेतल्या एका साड्यांच्या प्रोसेसिंग मिलची जनरल मॅनेजर. राहते तिथल्याच डिंडोली भागात. त्या सोमवारी सकाळी फोल्डिंग खात्यातल्या अकरा बायकांना मला सांगायचं होतं, की उद्यापासून काम नाही. साड्यांच्या घड्या घालणारं मशीन येणार होतं. यादी मीच केली होती. दोन दिवस धड झोप नव्हती. गाडी मिलच्या फाटकातून आत घेतली इथपर्यंत आठवतं. पुढचं एकदम संध्याकाळचं: हाताला सलाईन, आणि अरुण केळं सोलतोय.

मधल्या वेळात सीटी स्कॅन झाला होता, मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघायला. ईईजी झाला, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. फिट नव्हती ना हे त्यातून कळतं. दुसऱ्या दिवशी एमआरआयसाठी बाकावर दोन तास बसले. वार मला आठवत होता, तरी अरुणला विचारत होते. स्वतःवर भरवसाच उरला नव्हता.

रिपोर्टमध्ये एक बारीक ठिपका निघाला. “हा जाईल. पुन्हा होण्याची शक्यता कमी,” डॉक्टर म्हणाले. “पण ते तास परत येणार नाहीत.”

तिसऱ्या दिवशी मिलचे शेठ भेटायला आले. “बेन, तमे आ शुं कर्युं?” मी काय केलं होतं? त्यांनीच सांगितलं. सोमवारी मी फोल्डिंगमध्ये उभी राहून म्हणाले होते, कोणालाही काढणार नाही.

“आप बीमार थीं। बोल दो, बस,” शेठ म्हणाले.

सुटका सोपी होती. पण मी गोंधळले. डॉक्टरांना विचारलं, “तेव्हा बोलत होते ती मीच होते का?”

“आठवण साठत नव्हती,” ते म्हणाले. “ बाकी स्वभाव, समज जागेवर असते. पण तो निर्णय कोणाचा, हे एमआरआयमध्ये दिसत नाही.”

घरी आल्यावर फोल्डिंगची मुकादम वनिता भेटायला आली. मूळची अमळनेरकडची, यादीत तिचंही नाव होतं. मी नेमकं काय बोलले ते विचारलं.

“तुम्ही म्हणालात, यादी मी केली, ती चुकली.”

वीस वर्षांत मी मिलमध्ये ‘चुकलं’ हा शब्द उच्चारलेला नाही. साहेबानं चूक कबूल केली की धाक जातो, असं मी मानत आले. मग हे आजार बोलला, की इतकी वर्षं आजारी होते ती मी? आठवडाभर याचाच विचार करत होते.

कामावर गेले त्या दिवशी शेठना म्हणाले, “शब्द माझाच होता असं मी धरते.” ते चिडले. शेवटी तिघींना मशीन शिकवायचं ठरलं, पाच जणी चेकिंगला गेल्या. उरलेल्या तिघींसाठी शेठ ऐकले नाहीत. त्यांना मी स्वतः सांगितलं. एक जण तोंडावर म्हणाली, “मग त्या दिवशी कशाला बोललात?”

तुमच्या घरात, ऑफिसात कोणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागलं, तर हसू नका, ‘ताण आहे’ म्हणून घरीही पाठवू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा. पक्षाघातही असाच सुरू होऊ शकतो.

मला त्या सोमवारी वनिताने दवाखान्यात नेलं. रिक्षात मी सारखी विचारत होते, “आपण कुठे चाललोय?” परवा तिला म्हटलं, कंटाळली असशील.

“नाही ताई,” ती म्हणाली. “तुम्ही तर दरवेळी पहिल्यांदाच विचारत होतात ना. मीही पहिल्यांदाच सांगितलं.”