एक की नऊ

आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि येतं त्या दिवशी घरात दुसरं काही सुचत नाही. त्या सकाळी आई पिंपं भरत होती, मी कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसले होते, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, चष्मा पुसत म्हणाले, "आण तुझी वही. मी वाचतो, तू बघ."

अण्णा जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तर. निकालपत्रक तपासायची त्यांची एकच रीत: एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं खूण करायची. एकट्यानं तपासलेला निकाल म्हणजे न तपासलेलाच, असं ते म्हणत. माझा पीएच.डी.चा प्रबंध संपत आला होता आणि तो निवांत लिहावा म्हणून मी सोलापूरला आले होते. विषय ऐकून लोक आधी हसायचे. उत्तर ध्रुवाकडच्या बंद पडलेल्या खाणी. खाण बंद होऊन पिढी उलटली तरी धातू काढून उरलेल्या चुऱ्याचे ढीग तिथेच पडून असतात, आणि गोठलेली जमीन वितळायला लागली की त्यातलं शिसं पाण्याबरोबर खाली उतरत राहतं. ते कुठवर जातं हे मोजायचं माझं काम. त्यासाठी तिथे जाऊन पाण्याच्या बाटल्या भरायच्या, आणि कुठल्या दिवशी कुठल्या जागेची भरली ते वहीत जागेच्या नंबरानं लिहायचं. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, "आपल्या हितं काय घाण कमी हाय व्हय, की तू तितं गेलीस?" मला त्यांचा राग आला, कारण याचं उत्तर मलाही धड देता येत नव्हतं.

अण्णा पान पान वाचत होते आणि मी पडद्यावर प्रयोगशाळेच्या तक्त्यात खुणा करत होते. सगळं जुळत होतं. तिथल्या शेवटच्या दिवसाचं पान आलं.

"एक, दोन, तीन," अण्णांनी वाचलं.

पडद्यावर होतं नऊ, दोन, तीन.

"अण्णा, पहिला नऊ आहे."

"एक हाय."

"नऊ आहे हो. नीट बघा."

"मी काय नीट बघू? जन्मभर पोरांचे हात धरून हेच गिरवून घेतलंय. तुझाबी धरलाय. हा मराठी एक हाय."

मी वही ओढून घेतली आणि खिडकीशी उजेडात धरली.

मी पाढे मराठीत शिकले आणि आजही मोजते ते मराठीतच. पण कामात इंग्रजी आकडेच लिहायचे, हा नियम मी कधी मोडला नव्हता. त्या शेवटच्या दिवशी वारा असा होता की हातमोजा काढला की बोटं आपली राहत नव्हती. शाई गोठते म्हणून आम्ही पेन्सिलीनं लिहायचो. बोटं बधिर झाली होती की डोकं, कोण जाणे, पण वहीत आणि बाटल्यांवरही मी मराठीत लिहून गेले. दोन आणि तीन दोन्हीकडे जवळजवळ सारखेच दिसतात. मराठी एक मात्र परक्या माणसाला सरळ नऊ दिसतो.

एक नंबर म्हणजे खाणीच्या ढिगाच्या पायथ्याचं डबकं. तिथे शिसं असणारच. नऊ नंबर म्हणजे डोंगरापलीकडचा ओढा, चार घरांच्या वस्तीजवळचा. तिथे कधी काही सापडलं नव्हतं. प्रयोगशाळेचा निकाल आला तेव्हा नऊच्या दोन बाटल्या निघाल्या आणि एकची एकही नाही. एकची वाटेत गोठून फुटली असेल असं सगळ्यांनी धरलं, फुटतातच बाटल्या. नऊची आठवड्याआधीची बाटली स्वच्छ होती आणि शेवटच्या दिवसाची शिशानं भरलेली. म्हणजे विष डोंगर ओलांडून गेलं होतं. असं आधी कुणी दाखवलं नव्हतं. माझे मार्गदर्शक खूश झाले, माझे तर पाय जमिनीला लागेनात. त्या दिवशी नऊवर गेलं कोण होतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. दुसरी तुकडी गेली असेल, असं म्हटलं. खरं सांगायचं तर मला तो नऊ हवा होता.

त्या ओढ्याच्या काठी एक बाई एकटी राहते. आईच्या वयाची, मासे वाळवून विकणारी. आम्ही बाटल्या भरायला जायचो तेव्हा ती त्याच पाण्याची कॉफी करून द्यायची. निकाल आल्यावर तिला फोन मीच केला होता. ओढ्याचं पाणी पिऊ नको, उकळूनसुद्धा नको, शिसं उकळून जात नाही, असं मी तिला मोठ्या अधिकारानं सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली. तेव्हापासून ती शेजारच्या गावाहून कॅन भरून आणत होती, आधी होडीतून आणि मग बर्फावरून ओढत.

प्रयोगशाळेत बाटली आली की तिचा फोटो काढून ठेवतात. मी तो मागवला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. तीन बाटल्या, तीन पट्ट्या, माझं अक्षर. मी तो मोठा करून बघितला, लहान करून बघितला. एकदा एक वाटे, एकदा नऊ. शेवटी अण्णांपुढे धरला.

अण्णांनी पहिल्या बाटलीकडे बघितलंही नाही. "ह्यो तीन बघ. खाली शेपूट हाय का न्हाय?"

होतं.

"इंग्रजी तीनला असतं का शेपूट? दोनालाबी हाय. दोघं मराठी, मग त्यांचा थोरला भाऊ एकटाच इंग्रजी कसा?"

दारात उभी राहून आई ऐकत होती. तिला मी जेवताना सगळं सांगितलं होतं, आणि तिच्या डोक्यात त्यातली एकच गोष्ट राहिली होती.

"म्हंजे त्या बाईनं दारातलं पाणी सोडलं ते तुझ्यामुळं?"

"तेव्हा तसा निकाल होता, आई."

"आता काय हाय? हाय का न्हाय शिसं?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक म्हंजे काय? बहुतेक पाणी पितं का कोण?"

मी तिच्यावर चिडले. तुला यातलं काही कळत नाही, असंही बोलून गेले. ती आत गेली आणि तांब्या घासायला लागली. ज्या घरात पिंपावर झाकण नीट बसलंय का हे दिवसातून चारदा बघितलं जातं, त्या घरात मी हे बोलले होते.

पुढचे तीन दिवस मी काही केलं नाही. केलं नाही म्हणजे नुसती भीत राहिले. सांगितलं तर प्रबंधातल्या सगळ्यात चांगल्या प्रकरणावर पाणी सोडायचं आणि वर एका बाईला सांगायचं की तुझा हिवाळा फुकट गेला. नाही सांगितलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. माझ्या बापाला तेवढं कळलं होतं. आणि सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. समजा मी पाणी चांगलं आहे म्हणून सांगितलं आणि खरंच त्यात काही असलं तर? एकदा चुकलेल्या माणसानं दुसऱ्यांदा खात्रीनं बोलावं तरी कशाच्या जोरावर? अण्णा या तीन दिवसांत एकदाही विचारायला आले नाहीत. रोज सकाळी ती वही मात्र त्यांनी टेबलावर उघडी करून ठेवलेली असायची, त्याच पानावर.

चौथ्या दिवशी मी मार्गदर्शकांना सगळं लिहिलं आणि सोबत फोटो जोडला. उत्तर तासाभरात आलं. प्रकरण काढावं लागेल, तिथल्या सरकारी कचेरीला ते कळवतील, बर्फ फुटल्यावर ओढा पुन्हा तपासू. रागाचा एक शब्द नव्हता, त्यानं मी आणखी खचले. शेवटी एक ओळ होती: त्या बाईला तू सांगतेस की मी सांगू?

मी सांगते म्हणून कळवलं आणि लगेच पस्तावले. दुपारी, तिकडे सकाळ झाल्यावर, फोन लावला. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्या दिवशी त्याहून मोडकं. मी सांगितलं की बाटलीवरचा आकडा मी माझ्या भाषेत लिहिला, तो चुकीचा वाचला गेला, ते पाणी तुझ्या ओढ्याचं नव्हतं. तुझा ओढा बहुतेक स्वच्छ आहे, पण पुन्हा तपासेपर्यंत पी असं मी म्हणू शकत नाही. चूक माझी आहे.

पलीकडे तिनं कॅन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माझा नवरा गेला दोन वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "शेवटी शेवटी त्याला काही गिळता यायचं नाही. पाणी तेवढं जायचं. मीच पाजायची चमच्यानं. तुझा फोन आला तेव्हापासून मला वाटत होतं की त्याला मी मारलं."

कॅन ओढण्याचा, गुडघ्यांचा, बर्फाचा विचार मी केला होता. हा केलाच नव्हता. मी माफी मागितली, आणि ती मागताना मला माझीच लाज वाटत होती.

"आता तू म्हणतेस, तसं नाही," ती म्हणाली. "मला ते खरं असायला हवंय. म्हणून मी तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही."

"मी येते," मी म्हणाले. "बर्फ फुटला की मी स्वतः येते. तुझ्यासमोर बाटली भरते."

"ये," ती म्हणाली. "पण आकडा मी लिहीन."