शुभाकाकूंच्या तळघरातली भट्टी

वेस्ट विंडसरच्या निम्म्या मराठी घरांतलं दिवाळीच्या तळणाचं तेल शेवटी जायचं कुठे, तर शुभाकाकूंच्या तळघरात. चकल्या-कडबोळी झाली, तेल काळं पडलं, की बायका ते डब्यात भरायच्या आणि विनयकाकांना फोन करायच्या. काका गाडी घेऊन हजर. एरवी ते एडिसनच्या एका डोसेवाल्याकडून पिंपं भरभरून तेल आणत. औषधांच्या कारखान्यात जन्मभर यंत्रं सांभाळलेला माणूस. मुलगा ऋषी कॉलेजला गेला, घर रिकामं झालं, तेव्हा हात शिवशिवायला लागले आणि घर तापवणाऱ्या जुन्या बॉयलरला त्यांनी टाकाऊ तेलावर चालणारा बर्नर बसवला; तीच त्यांची भट्टी. मराठी मंडळात सगळे त्यांना तेलकाका म्हणत.

शुभाकाकूंना हे प्रकरण कधीच पसंत नव्हतं. "लोकांचे नवरे निवांत गोल्फ खेळतात, आमचे पिंपं ढकलतात," हे त्या चारचौघांत सांगत आणि काकाही सगळ्यांबरोबर हसत. काका तळघरात गेले की त्यांना हाका मारून उपयोग नसे, भट्टीच्या घरघरीत काही ऐकू जायचं नाही. म्हणून काकू स्वयंपाकघरात उभ्या राहून दोनदा पाय आपटत. त्याचा अर्थ पानं वाढली आहेत. खालून पाइपवर टकटक व्हायची, त्याचा अर्थ आलो. आणि त्यानंतर अर्धा तास माणसाचा पत्ता नसायचा.

गेल्या जानेवारीत काका सकाळी दारातला बर्फ काढून आत आले, खुर्चीत बसले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत.

त्यानंतर काकूंची एक गंमत झाली. गंमत म्हणायची, पण हसू येईल अशी नव्हे. ज्या घरघरीला त्यांनी इतकी वर्षं नावं ठेवली, तिच्याशिवाय त्यांना झोप लागेना. फरशीखालून तो आवाज आला की घरात माणूस आहे असं वाटे. ऋषी टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून सारखा म्हणायचा, "आई, तू एकटी नको राहूस यार तिथे. आमच्याकडे ये, घर विकून टाकू." शेवटी वादावादीला कंटाळून दोघांनी एक ठरवलं होतं. भट्टी चालतेय तोवर काकूंनी या घरात राहायचं. ती बंद पडली, की काढून टाकायची, घर विकायला काढायचं आणि काकूंनी टेक्सास गाठायचं. कबूल करताना काकूंना वाटलं होतं, यांच्या हातची वस्तू, इतक्यात कुठली बंद पडतेय!

डिसेंबरात ती बंद पडली.

तेल संपत आलं होतं. काकांनी भरून ठेवलेली पिंपं पुरली तितकी पुरली. दिवाळीत भर पडली असती, पण वर्षाच्या आत घरात कुणी गेलं की त्या घरी तळण करत नाहीत, दुसरे फराळ आणून देतात. तसे मंडळातल्या बायकांनी डबेच्या डबे फराळ आणून दिले. पण असल्या घरी जाऊन "तळणाचं तेल हवंय का" असं कोण विचारणार? शेवटचं पिंप खडखडलं तेव्हा काकूंनी तळघर धुंडाळलं. मागच्या फळीवर एक पत्र्याचा डबा सापडला. त्याच्या कडीला चिंधी बांधलेली होती. डबा जड होता, एवढंच काकूंनी पाहिलं. आतलं घट्ट झालेलं होतं, ते त्यांनी डावानं खरवडून टाकीत घातलं. थंडीत सगळंच घट्ट होतं, त्यात काय नवल.

सकाळी घर गार. काकूंनी ऋषीला कळवलं. बोलावलेल्या दुरुस्तीवाल्यानं खाली जाऊन पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. "असल्या यंत्राला मी हात लावत नाही, मॅडम. म्हणाल तर काढून देतो." तेही त्यानं फार सभ्यपणे सांगितलं, त्यामुळे काकूंना त्याच्यावर धड चिडताही येईना. तो गेला आणि त्यांनी काकांचा जाड स्वेटर अंगात चढवला, पदराऐवजी त्याचीच बाही डोळ्यांना लावली, आणि मग बॅटरी घेऊन खाली उतरल्या.

भट्टीतलं त्यांना काही कळत नव्हतं असं नाही. "जरा बॅटरी धर" म्हणून काकांनी त्यांना किती वेळा खाली उभं केलं होतं. त्या बॅटरी धरत आणि बडबडत, पण डोळे तर उघडेच असायचे. त्यांनी तांबडं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. ठिणगीची टिकटिक झाली. भप्प करून पेटलं, दोनदा खोकलं आणि विझलं. लाल दिवा लागला. पुन्हा तेच.

काकूंना सांगलीतला आईचा पंपाचा स्टोव्ह आठवला. तोही असाच भपकायचा आणि आई म्हणायची, "वारा आहे, आग आहे, म्हणजे तेल अडलंय. पिन मार." काकूंनी खटका बंद केला. बर्नर गार होईपर्यंत वर जाऊन चहा घेतला, खाली येऊन काकांचा पाना काढला आणि तेल फवारणारी तोटी खोलली. बारीक भोकातून दिव्याकडे पाहिलं तर आरपार दिसत होतं. मग मागे, पाइपावरून बोट फिरवत गाळणीच्या भांड्यापर्यंत आल्या. ते उघडलं, तर आत पांढरा लगदा गच्च बसलेला.

त्यांनी बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला. साजूक तूप. आणि बोटाला बारीक कण लागत होते. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर ती खसखस होती.

म्हणजे अनारसे. मागच्या वर्षीच्या दिवाळीतले, त्यांनी स्वतः तुपात तळलेले.

भट्टी नवी होती तेव्हा काकांनी एकदाच सांगितलं होतं, अनारशांचं तूप त्यात देऊ नकोस, थंडीत थिजतं, तेल अडतं. काकू फणकारल्या होत्या, "मग काय तेलात तळू अनारसे?" दर दिवाळीला काकूंनी तुपाचा डबा बिनदिक्कत जिन्यावर ठेवला आणि भट्टीला कधी काही झालं नाही. तेव्हापासून मंडळात त्यांचं हे एक पेटंट वाक्य होतं. "यांचं काही ऐकू नका गं, तूप घातलं तरी धडधडत चालते!" काका शेजारीच उभे असत आणि काही बोलत नसत.

काकूंनी फळीवर बॅटरी मारली. डबा होता त्याच्या मागे, खिळ्याला, चहाच्या गाळण्या टांगलेल्या होत्या. जाळी फाटलेल्या, दांडे वितळलेले, तरी टाकून न दिलेल्या. या गाळण्यांपायी काकूंनी भारतातून आलेल्या सगळ्या पाहुण्यांवर संशय घेतला होता! स्वतःच्या नणंदेवरसुद्धा. पुण्याहून नवी गाळणी आणावी आणि ती नाहीशी व्हावी. प्रत्येकीच्या जाळीत खसखस अडकलेली होती. आणि डब्याच्या कडीची ती चिंधी म्हणजे हे अजून गाळायचं आहे, ही काकांची खूण होती.

काकू काकांच्या स्टुलावर बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. इतकी वर्षं हा माणूस त्यांचं तूप गरम पाण्यात पातळ करून, गाळून तेलात मिसळत राहिला, आणि वर येऊन त्यांना चारचौघांत जिंकू देत राहिला. "अहो, एकदा सांगायचं तरी," त्या म्हणाल्या. सांगितलं असतं तर आपण ऐकलं नसतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

मग त्या उठल्या. टाकीतलं सगळं परत डब्यात काढलं. गुडघे कुरकुरत असताना वरून किटल्या भरभरून उकळतं पाणी आणलं, टबात ओतलं, त्यात डबा उभा केला. तूप पातळ झालं, वास सुटला, आणि काकूंचा हात थांबला. मागच्या वर्षी दिवाळीला काकांनी अनारसा मोडून उजेडात धरला होता आणि "जाळी काय सुरेख पडलीय" म्हणाले होते. हे जाळलं की त्या दिवाळीतलं काहीच उरणार नव्हतं. झाकण लावून परत फळीवर ठेवावं, असं त्यांना फार वाटलं. पण ठेवलं तर भट्टी राहत नव्हती, घर राहत नव्हतं.

त्यातल्या त्यात धड गाळणी घेऊन त्यांनी ते सगळं गाळलं. गाळणीचं भांडं आणि पाइप गरम फडक्यानं पुसून मोकळा केला, ऊन ऊन तेल टाकीत घातलं, बटण दाबलं. पंखा, टिकटिक, भप्प. एकदा खोकलं. आणि मग घरघर सुरू झाली ती थांबेचना. भट्टीच्या उबेत टाकीतलं आता थिजणार नव्हतं आणि पुढच्या तेलासाठी डोसेवाला होताच.

ऋषीचा फोन आला. "आई, व्हॉट हॅपन्ड? टेक्निशियन काय म्हणाला? मी तिकीट बुक करू का?"

"तिकीट तुझं बुक कर. चालू झाली."

"सीरियसली? काय झालं होतं?"

"तूप."

"पण तू तर नेहमी म्हणायचीस की तुपानं काही होत नाही."

"बाबा गाळून घालायचे रे," काकू म्हणाल्या. "म्हणून माझं खरं व्हायचं."

ऋषी म्हणाला, "ओके आई. राहा तू. मी पुढच्या महिन्यात येतो, मला शिकव ते गाळायचं." काकूंनी हो म्हणून फोन ठेवला.

गाळूनसुद्धा वास जायचा तो गेलाच नव्हता. ज्या वर्षी घरात तळण करायचं नाही, त्या वर्षी जिन्यावरून, पाइपांच्या कडेनं, अनारशांचा वास वर घरभर जात होता. दुपार झाली होती. काकूंना भूक लागली होती, तरी त्या स्टुलावर बसूनच होत्या, मान वर करून. आपण कशासाठी थांबलो आहोत हे त्यांना जरा वेळानं कळलं. वरून कुणीतरी दोनदा पाय आपटावा, म्हणून.

त्यांनी पाना उचलला, पाइपवर टकटक केली आणि एकट्याच जेवायला वर गेल्या.