माझे वडील गिरणीत काम करतात

पहिलीच्या वर्गाचं लोक फार कौतुक करतात. नवी पाटी, पहिल्या दिवसाचं रडणं, प्रेमळ बाई. मला त्या कौतुकाचा कंटाळा येतो. पहिलीत मूल काय शिकतं असं मला कुणी विचारलं, तर मी सांगते की गप्प बसायला शिकतं. आमच्या बाई वर्गात आल्या की "हाताची घडी, तोंडावर बोट" एवढंच म्हणायच्या. मग रस्त्यावरच्या ट्रामची घंटासुद्धा वर्गात ऐकू यायची. अ, आ, इ सगळं त्यानंतर.

शाळा लालबागला, म्युनिसिपालिटीची. खरं तर मी तिथली नव्हेच. आमचं बिऱ्हाड नायगावला, पोलीस लाइनीत. बाबा पोलिसात होते, तेही हत्यारी पोलिसात, म्हणजे ज्यांच्या हाती लाठीऐवजी बंदूक असते त्यांच्यात. पण त्या वर्षी आईला दिवस गेले होते, आणि माझ्या पाठची दोन बाळं जगली नव्हती, म्हणून तिला बाळंतपणाला माहेरी आणलं. माहेर म्हणजे लालबागच्या चाळीतली मामाची एक खोली. मामा गिरणीत होता. आईबरोबर मीही आले. जूनमध्ये मामीने माझं बखोट धरलं आणि समोरच्या शाळेत नेऊन बसवलं. वर्षभराचाच तर प्रश्न आहे, असं सगळे म्हणत होते.

बाईंना मुलं आवडत होती की नाही, देव जाणे. त्यांना धास्ती होती ती तपासणीची. वर्षातून एकदा साहेब येत आणि कुठल्याही पोराला उभं करून तेच ते प्रश्न विचारत. तुझं नाव काय, कुठे राहतोस, वडील काय करतात. लहान पोरं अशा वेळी मुकी होतात किंवा रडतात, आणि मग शेरा बाईंच्या माथी. म्हणून बाईंनी सोपी युक्ती काढली होती. वर्गातल्या बहुतेकांचे वडील गिरणीतच होते, तेव्हा त्या उत्तर सगळ्या वर्गाकडून एका सुरात घोकून घ्यायच्या. "वडील काय करतात?" असं त्यांनी विचारलं की आम्ही सगळे ओरडायचो, "माझे वडील गिरणीत काम करतात!" रोज प्रार्थना, मग हे, मग पाढे. वर्गात एकाचे वडील न्हावी होते आणि एकाचे ट्रामवर कंडक्टर. तेही बापडे तेच ओरडायचे.

मी घरी येऊन तसंच म्हणून दाखवलं, तेव्हा आई पोट धरून हसली. "काय गो, तुझे बाबा गिरणीत कधीपासून?" दुसऱ्या दिवशी ती अवघडलेली असूनही जिना उतरून शाळेत आली आणि तिने बाईंना सांगितलं. बाई मला म्हणाल्या, "तू आपलं माझे वडील पोलिसात आहेत असं म्हण." म्हणजे सगळा वर्ग गिरणी म्हणणार आणि मी एकटीच पोलीस म्हणणार! त्या गलक्यात माझं कुणालाच ऐकू जायचं नाही. मग मीही सगळ्यांसारखंच म्हणू लागले. ते सोपं होतं.

माझ्या शेजारी जी बसायची ती माझी पहिली मैत्रीण. ती पाटीवरची पेन्सिल खायची. कुडुम कुडुम करून अर्धी खाऊन टाकायची आणि उरलेल्या तुकड्याने लिहायची. पेन्सिल संपली की माझी घ्यायची. मी देत असे, कारण मला ती फार आवडायची. ती पलीकडच्या चाळीत राहायची आणि तिचे बाबा खरोखरच गिरणीत होते. ते तिला कधी कधी खांद्यावर बसवून शाळेत सोडायचे. माझे बाबा आठवड्यातून एकदा यायचे, कधी तेही नाही. सुरुवातीला ते गणवेशातच यायचे, आणि चाळीतली मोठी, वरच्या इयत्तांतली पोरं त्यांना सलाम ठोकायची.

दिवाळीत माझा भाऊ जन्मला. तो जगला, म्हणून घरात आनंद होता. पण बाहेर काहीतरी शिजत होतं आणि ते आम्हा मुलांनाही कळत होतं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" हे आम्हाला बाराखडीच्या आधी पाठ झालं. मधल्या सुट्टीत पोरं मोर्चा-मोर्चा खेळायची. त्यात पोलीस व्हायला कुणी तयार नसायचं. जो सगळ्यात मरतुकडा त्याला पोलीस करायचे आणि सगळे मिळून त्याला बदडायचे. एकदा एका पोराच्या ओठातून रक्त आलं. बाईंनी पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

मग फोर्टात गोळीबार झाला. मामा त्या दिवशी मोर्चाबरोबर तिथे होता. बाबा बंदोबस्ताला तिथेच होते. त्यानंतरच्या रविवारी दोघं आमच्या त्या एका खोलीत शेजारी शेजारी जेवायला बसले. मामीने कालवण केलं होतं. मामाने भाताचं भांडं पुढे सरकवलं. बाबांनी वाढून घेतलं. जेवण होईपर्यंत कुणी अवाक्षर काढलं नाही. आई पाळण्याची दोरी ओढत राहिली. बाळ झोपलं होतं, तरी ओढतच राहिली. त्या जेवणाची मला अजून भीती वाटते.

त्यानंतर मामा बाबांशी बोलेनासा झाला. भांडण नाही, तंटा नाही. बाबा आले की तो सदरा चढवून खाली जायचा. बाबाही आता साध्या कपड्यांत, धोतर-सदऱ्यात, अंधार पडताना यायचे. चाळीतल्या पोरांचे सलाम बंद झाले. शेजारीण रोज बाळाला न्हाऊ घालायला यायची, तिचे एकाएकी गुडघे दुखायला लागले. मामी भोळी नव्हती. म्हणाली, "गुडघे नाय दुखत तिचे. दुसराच कायतरी दुखता." एक दिवस आईने मला जवळ घेतलं आणि माझ्या वेण्या घालता घालता म्हणाली, "शाळेत कोणी इचारला तर पोलीस म्हणू नको. सरकारी नोकरीत म्हण." मी विचारलं, का? तिने वेणी इतकी घट्ट ओढली की डोळ्यांत पाणी आलं.

सहा वर्षांच्या पोरीला राजकारण कळत नाही, पण आपल्या बापाची लाज वाटायला हवी एवढं त्या वेणीतून कळलं. तेव्हापासून माझ्या पोटात एकच भीती बसली. वर्गात माझ्या शेजारी बसणारीला कळेल. कळलं की ती उठून दुसरीकडे बसेल.

संक्रांतीला बाईंनी आम्हाला तिळगूळ वाटला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनीच सगळं बंद झालं. सकाळचा गिरणीचा भोंगा वाजला नाही. ज्याच्यावर आमचं उठणं, न्हाणं, शाळा चालायची तो भोंगाच नाही, त्यामुळे दिवस सुरू झालाय असं वाटेचना. मामीने आम्हाला खाटेखाली बसवलं आणि गॅलरीकडचं दार लावून घेतलं. अश्रुधुराने डोळे चुरचुरायचे म्हणून ओला पंचा तोंडावर. खालून आरडाओरडा यायचा, मग धावणारे पाय, आणि मग तो आवाज. तो आला की आई बाळाचे कान झाकायची. माझे कोण झाकणार? मी ऐकत राहिले, आणि प्रत्येक आवाजाला मनात म्हणत राहिले की हे बाबा नसतील. ते कुठे होते हे कुणालाच माहीत नव्हतं. आईने दोन दिवस अन्न तोंडात घातलं नाही. ते मेले असतील या भीतीने, की दुसऱ्या कुठल्या भीतीने, हे मी तिला पुढे कधीच विचारलं नाही.

शाळा पुन्हा भरली तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं होतं. तिचे बाबा नाक्यावर नुसते उभे होते. मोर्चात नव्हते, दगड मारत नव्हते. गोळी लागली आणि तिथेच गेले.

काही दिवसांनी ती आली. वेणी तशीच, फ्रॉक तसाच. खाली बसल्या बसल्या तिने मला सांगितलं, "बाबा गावाला गेलेत." घरच्यांनी तिला तसं सांगितलं होतं. लहान आहे, कळेल सावकाश, असा त्यांनी विचार केला असेल. वर्गातल्या एकाही पोराने तोंड उघडलं नाही. आमच्या वयाची पोरं चुगलखोर असतात, एरवी कुणाची पेन्सिल चोरली तरी बोंब मारतात. पण त्या दिवशी सगळी गप्प. किती चांगलं शिकलो होतो आम्ही! बाईंनी मात्र त्या दिवसापासून "वडील काय करतात" हे घोकून घेणं थांबवलं.

आणि नेमके तेव्हाच साहेब तपासणीला आले. काळा कोट, टोपी, हातात छडी नाही तरी असल्यासारखे. पाढे झाले, कविता झाली. मग त्यांनी आमच्या रांगेकडे बोट केलं. "हं, तू सांग बाळ. वडील काय करतात?"

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. माझी शेजारीण उठली आणि हात जोडून, शिकवलेल्या सुरात, खणखणीत आवाजात म्हणाली, "माझे वडील गिरणीत काम करतात!"

साहेबांना काय माहीत? ते म्हणाले, "शाब्बास. बस. आता तिच्या शेजारची."

मी उभी राहिले. पोलीस म्हणायचं नव्हतं. सरकारी नोकरी म्हणायचं ठरलं होतं, पण ते शब्द काही केल्या आठवेनात. ती खालून माझ्याकडे तोंड वर करून बघत होती. मी म्हटलं, "माझे वडील गिरणीत काम करतात."

"सगळ्यांचेच गिरणीत वाटतं!" साहेब हसले. बाईंना माझं खरं माहीत होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "बस खाली."

मी बसले तेव्हा माझी मैत्रीण भलतीच खूश झाली होती. माझ्या कानाशी येऊन तिने विचारलं, "कुठल्या गं गिरणीत?" मी म्हटलं, "उद्या सांगते."

त्या संध्याकाळी नेमके बाबा आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्यांनी बाळाला घेतलं नाही, लांबूनच पाहिलं. मामा नेहमीप्रमाणे सदरा घालायला उठला. मी बाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही कुठल्या गिरणीत?"

कुणालाच काही कळेना. मग मी शाळेतलं सांगितलं. साहेब आले, त्यांनी विचारलं, मी गिरणी म्हणाले, आता शेजारची मुलगी कुठली गिरणी ते विचारते. ती मुलगी कोण, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला वाटलं, बाबा मारतील. बाबा खाली बसले आणि म्हणाले, "बरा केलंस." मग म्हणाले, "सांग तिला, वरळीच्या गिरणीत. लांबची सांगितलेली बरी."

सदऱ्यात एक हात घातलेला मामा दारात थांबला. फोर्टातल्या गोळीबारानंतर तो पहिल्यांदाच बाबांशी बोलला. "लांबची नको, भावोजी. कोणी खोदून विचारलान तर पोरगी फसतली. माझीच गिरण सांग, बाय. माझाच खाता. साचेखाता, रातपाळी." साचेखातं म्हणजे कापड विणायच्या मागांचं खातं; आणि रातपाळी म्हटलं की बाबा दिवसा कुणाला का दिसत नाहीत, तेही आपोआप जुळत होतं.

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी मला समोर बसवलं आणि ते वाक्य म्हणून घेतलं. गिरणीचं नाव चुकलं तर पुन्हा. रातपाळी राहिली तर पुन्हा. पहिलीच्या आख्ख्या वर्षात बाबांनी माझा तेवढाच अभ्यास घेतला. आई भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती. तिची पाठ हलत होती.

दुसऱ्या दिवशी मी ते एकही अक्षर न चुकता माझ्या मैत्रिणीला सांगितलं. तिने तोंडातला पेन्सिलीचा तुकडा बाहेर काढला. तिचे डोळे चमकले.

"अय्या, माझे बाबापण त्याच गिरणीत! साचेखात्यातच! म्हणजे ते ओळखत असतील एकमेकांना."

मी पाटी पुसायला लागले.

"गावावरून आले ना," ती म्हणाली, "की विचारते हां बाबांना."

मी म्हटलं, "विचार."