राहून गेलेला बहावा

नर्सरीतल्या माळीकाकांनी एकतीस वर्षं एक काम इमानेइतबारे केलं. गुलमोहर, बहावा, ताम्हण, शोभेची सगळी रोपं दर पंधरा दिवसांनी पिशवीसकट जागची हलवायची. नाही हलवली, तर मूळ पिशवी फोडून जमिनीत शिरतं आणि झाड विकायला उचलताच येत नाही.

बायकोच्या आजारपणात काकांच्या खोलीमागचा एक बहावा हलवायचा राहिला. तो तिथेच रुजून छपराच्या वर गेला. त्यापायी मालकाने काकांना वर्षभर फैलावर घेतलं.

मालक वारले. मुलाने रोपं विकून तिथे बंगले बांधायचं ठरवलं.

"काका, महिनाभरात खोली रिकामी करा. तुमचं काय, कुठेही बस्तान बसेल."

"आणि हा बहावा?"

"छे, त्याला कोण हात लावतंय!" मुलगा कळवळून म्हणाला. "या वयात हलवलं, तर मरेल हो बिचारा."

नंतरचा महिनाभर काका सगळ्या रोपांना पोटभर पाणी घालत राहिले. पिशवी मात्र त्यांनी एकही हलवली नाही.