बोलते ती मशीन

शिंप्याच्या पायाशी चिंध्या साचतात, तसे बाजारात दुकान असलेल्या माणसाकडे किस्से साचतात. चिंध्या झाडून टाकता येतात, किस्से घरी न्यावे लागतात. मी महादू शिंपी, वाशिमकडच्या मालेगावच्या बाजारात माझं दुकान. मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या या गोष्टी. तेव्हा आमच्याकडे ‘मशीन’ म्हटलं की एकच, माझी. रस्त्यात कोणी विचारलं, "कुठी चालला गा?" की समोरचा सांगायचा, "मशीनीवर." म्हणजे माझ्याकडे. शब्द जणू माझ्या नावावर सातबाऱ्याला लागलेला!

*

एका बाजाराच्या दिवशी किन्हीराजाचा एक शेतकरी आला. पाय चालतात, चाक फिरतं, सुई पळते, हे सगळं त्यानं डोळे भरून पाहिलं. मग कमरेचा इळा काढून माझ्यासमोर ठेवला.

"हा पाजवून दे."

मी म्हटलं, "बाप्पा, ही कपडे शिवाची मशीन आहे. इळ्याले धार लोहार लावते."

त्यानं इळा परत कमरेला खोचला. "मशीन म्हंते, अन् इळा पाजवत नाही. मंग कायची मशीन?"

बाजार दोन दिवस हसत होता. मीही हसलो, पण जरा उशिरा.

*

मग शेजारच्या गाळ्यात उस्मानभाईनं पिठाची चक्की टाकली. आधी त्याचा तेलाचा धंदा होता. तो बंद करून त्यानं वाशिमच्या एका शेटचं रॉकेलवरचं इंजिन बैलगाडीतून आणलं. बोली अशी होती की लग्नसराईत चक्की चालली तर इंजिन इथंच राहील, नाही तर शेटची गाडी येऊन घेऊन जाईल.

आता त्या धुडाला म्हणायचं काय? उस्मानभाई म्हणे ‘कल’. शाळेचे मास्तर म्हणत ‘यंत्र’. हमाल म्हणत ‘इंजन’. मला वाटलं, बरं झालं, इतके शब्द आहेत, माझ्या शब्दाला कोणी हात लावणार नाही.

महिनाभरानं एक परका माणूस माझ्या दारात आला. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. "मशीन कुठी आहे?"

मी छाती काढून माझी मशीन दाखवली.

"हे नाही गा," तो म्हणाला, "बोलते ते."

शेजारून पुक्-पुक् आवाज येत होता. मी मुकाट्यानं तिकडे बोट केलं. त्या दिवसापासून उस्मानभाईशी मी बोलणं टाकलं. त्याचं त्याला कळलंही नाही, त्या आवाजात कोण बोलतं अन् कोण नाही हे कळायची सोयच नव्हती.

*

पण ती बोलकी मशीन मोठी लहरी होती. तिला चालू करायचं म्हणजे बाजूचा लोखंडी दांडा गरागरा फिरवायचा. कधी ती पहिल्या फेऱ्यात बोलायची, कधी चार गडी घामाघूम झाले तरी तोंड उघडायची नाही.

एकदा ती अशीच रुसून बसली आणि उस्मानभाई तिची समजूत काढू लागला. मास्तर हसले. म्हणाले, "अहो, यंत्राला काय बुद्धी असते?"

उस्मानभाई म्हणाला, "अकल नसती मास्तर, तर हर जुम्म्याले नमाजच्या वक्ताले बरोबर कशी बंद पडली असती?"

मास्तर विचारात पडले. मी पडलो नाही. मी म्हटलं, "मंग बुधवारी काहून बंद पडते?"

"त्या दिवशी तुह्यासाठी पडते," तो म्हणाला. "तुले जरा झोप लागाव म्हणून."

अशा माणसाशी किती दिवस न बोलता राहणार?

*

खरी परीक्षा होती बायकांची. त्यांची पुढारी सरूबाई. तिच्या शब्दाबाहेर अख्ख्या आळीत चूल पेटत नसे. तिनं पहिल्यांदा चक्कीच्या पिठात हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"ताप आहे याले," ती म्हणाली.

घरी नेऊन तिनं ते पीठ परातीत पसरून ठेवलं. संध्याकाळी पुन्हा हात लावून पाहिला, ताप उतरल्याची खात्री केली, मग भाकरी थापली. भाकरी बरी झाली. त्यानंतर रोजचं दळण चक्कीवर यायला लागलं.

पण लग्नाचं दळण काही येईना. उस्मानभाईनं विचारलं, तर सरूबाई म्हणाली, "देवाधर्माच्या कामाले मशीन चालत नाही बाप्पा. जात्याले पाच सवाशिणीचे हात लागतात. तुह्या मशीनीले हात कुठी लावाव?"

लग्नसराई सरत आली. उस्मानभाईची थट्टा बंद झाली. शेटचा निरोप आला होता, गाडी पाठवतो म्हणून. त्याचा तो पडलेला चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. शब्द गेला खड्ड्यात, शेजारी जायला नको, असं मला मनापासून वाटलं.

*

त्यात सरूबाईच्या नातीचं लग्न ठरलं. नवरदेव मेडशीचा, वऱ्हाड दांडगं. आणि ऐन वेळी सरूबाईच्या घरचं जातं फुटलं. लग्नाचं दळण दुसऱ्याच्या जात्यावर नेईल ती सरूबाई कसली!

सकाळीच ती चक्कीवर आली. बरोबर तीन सुना, एक लेक, गव्हाची पोती आणि हळदीकुंकवाचं ताट. सरूबाई स्वतः ओवी म्हणणार, म्हणून पाचवी सवाशीण तिची जाऊ होती. मशीनला हात लावणार नाही म्हणून ती वाटेतूनच परत गेली होती.

आणि इंजिन त्या दिवशी रुसलेलं! उस्मानभाईनं फिरवलं, हमालांनी फिरवलं, मीही दुकान सोडून हात लावला. काही नाही. नवरदेवाकडून आलेले मेडशीचे दोन पाहुणे चहा पीत मजा पाहत होते.

"सरका बाजूले," सरूबाई म्हणाली. "याचा खुंटा कोणता?"

उस्मानभाईनं दांडा दाखवला. तिनं त्याला पिवळ्या फडक्यात हळकुंड-सुपारी बांधली, कुंकू लावलं. मग बायका मोजल्या. चारच. तिची नजर मागच्या गोणपाटाच्या पडद्याकडे गेली. तिथं उस्मानभाईची बायको हमीदा उभी होती.

"ये वं, बाहेर ये."

"मी?" हमीदाभाभी म्हणाली. "मी कशी चालीन मावशी?"

"नवरा जिता आहे ना तुहा? मंग सवाशीणच आहे तू. धर खुंटा."

दोघींनी दांडा धरला, तिघींनी इंजिनाचं मोठं चाक. "सोडा म्हणलं की लगेच सोडजा," उस्मानभाई घाबरून सांगत होता. सरूबाईनं ओवी उचलली. जात्यावर बसल्यासारख्या पाचही जणी एका लयीत झुकल्या. एक फेरा, दुसरा फेरा.

पुक्. पुक्-पुक्-पुक्!

आवाजात ओवी बुडाली, तरी सरूबाई गातच होती. उस्मानभाई डोळे पुसत होता आणि धूर गेला म्हणत होता. मेडशीच्या पाहुण्यांचा चहा गार झाला.

पीठ भरून निघताना सरूबाई म्हणाली, "याले मशीन कोण म्हंते? जातं आहे हे."

झालं. तिचा शब्द म्हणजे आळीचा शब्द. उरलेल्या सगळ्या लग्नांची दळणं उस्मानच्या जात्यावर आली. शेटची गाडी इंजिन न्यायला आली ती पिठाचं पोतं घेऊन परत गेली.

आणि ‘मशीन’ हा शब्द पुन्हा मोकळा झाला. लग्नानंतर मेडशीच्या त्या पाहुण्यांपैकी एक जण बाजारात विचारत विचारत माझ्या दारात आला.

"मशीन ते हेच काय?"

"हेच," मी छाती काढून म्हणालो.

त्यानं कमरेचा इळा काढून माझ्यासमोर ठेवला.